जास्तीची नव्वद चित्रं

माणूस कधीच हरत नाही, हरतं ते त्याचं यंत्र!

हा सिद्धांत मी वयाच्या सत्तराव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत मांडला. तो सत्तराव्या वर्षाच्याच तिसऱ्या आठवड्यात कोसळला, आणि कोसळताना माझा मित्र, त्याच्या घरातल्या उशा आणि माझी चारचौघांत बसायची लायकी एवढं सगळं खाली घेऊन गेला. हे लिहीत असताना आमच्या हॉलमध्ये पंचावन्न इंची टीव्ही चालू आहे. तो बंद कसा करायचा हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

आधीचं थोडं सांगतो. आमची मुलगी पुष्पांजली अकरा वर्षांपूर्वी नोकरीला पुण्याला गेली. जाताना तिने आपल्या खोलीत एक कन्सोल सोडला. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा. त्याला दोन रिमोट आणि आत अडकून बसलेली क्रिकेटची एक सीडी. टीव्हीही तेव्हाचाच, बत्तीस इंची, कोणत्याच कंपनीचं नाव नसलेला. खामगावच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून बनवला होता आणि "गॅरंटी माझ्या तोंडाची" म्हणाला होता. पुढे त्याने दात काढून कवळी बसवली, पण टीव्ही टिकला.

एके दुपारी मागच्या गल्लीतले कय्यूमभाई आमची शिडी परत द्यायला आले. मी खेळत होतो, म्हणजे बाद होत होतो. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, दुसरा रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच बॉलला सिक्सर मारला.

"हे तं सोपं हाय, गजेंद्रभाऊ," ते म्हणाले, आणि बसले. ते अकरा वर्षं उठले नाहीत.

कय्यूमभाई चाळीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. आलेल्या गाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन अंगठ्यांमध्ये ओढायचा, डोळ्यासमोर धरायचा आणि सांगायचं: धागा किती लांब, पाणी किती, कचरा किती. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांवर विश्वास ठेवत नसत, पण दोघेही कय्यूमभाईंच्या अंगठ्यावर ठेवत. मग जिनिंगमध्ये धागा मोजायचं मशीन आलं. मालकाने कय्यूमभाईंना शाल, नारळ आणि घरचा रस्ता दिला.

"मशीन चुकत नाही का?" मी एकदा विचारलं होतं.

"चुकते ना. पन तिची चूक छापून येते."

तर दुपारची नमाज आटोपून कय्यूमभाई अडीच वाजता यायचे आणि साडेचारला जायचे. बाहेर दिवस वाईट होते. बीटीचं बियाणं आलं तेव्हा लोक म्हणाले होते, आता अळी संपली. अळीने ते ऐकलं नसावं. गुलाबी बोंडअळी बोंडात घुसून बसली, कापसात पिवळी, चिकटलेली कवडी वाढली, जिनिंग एका पाळीवर आली. बाजारात ज्याला "कसं काय" विचारावं तो फोडलेलं बोंड खिशातून काढून दाखवायचा. आमच्या हॉलमध्ये मात्र दोन तास कोणी अळीचं नाव काढत नसे. तिथे कय्यूमभाई सिक्सर मारत आणि मी हरत असे. रोज. सुट्टी फक्त ईदला आणि पोळ्याला.

अकरा वर्षं रोज हरलं की माणूस विचारवंत होतो. मी पुष्पांजलीला फोन लावला.

"बाबा, हरणारच तुम्ही," ती म्हणाली. "जुना कन्सोल सेकंदाला तीस चित्रं दाखवतो. वर तो टीव्ही म्हणजे नुसता ढिम्म. आता एकशे वीस चित्रंवाले आलेत. बॉल कसा लोण्यासारखा येतो."

म्हणजे दोष माझा नव्हता. मला प्रत्येक सेकंदाला नव्वद चित्रं कमी मिळत होती. कोणत्याही फलंदाजाची नव्वद चित्रं कापून पाहावीत, काय उरतं ते!

सत्तरी झाली म्हणून पुष्पांजलीने नवा टीव्ही आणि नवा कन्सोल पाठवला. आमच्या सौभाग्यवती सत्यभामाबाईंनी खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"नव्वद चित्रं जास्तीची?" त्या म्हणाल्या. "पाहनार कोन? तुमचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढाचा राह्यला अजून."

जुना टीव्ही ठेवायचा कुठे हा प्रश्न होता. तेवढ्यात शेषराव आला. तो आमचं चार एकर वावर बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, करतो. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा घेऊन आला होता. मी दिलदारपणे म्हणालो, "शेषराव, टीव्ही पाहिजे का?"

"चालते का तो?"

"चालतो. सावकाश चालतो."

"मंग आमच्यातलाच हाय," शेषराव म्हणाला आणि मोटारसायकलला बांधून घेऊन गेला. तो गेला तेव्हा मी हात हलवला होता. तो हात मला आजही दिसतो.

पहिल्या दिवशी नव्या यंत्राने खेळ सुरू करण्याआधी परीक्षा घेतली. पडदा पांढरा झाला. त्यावर पांढऱ्याच रंगात एक सूर्याचं चित्र होतं आणि खाली सूचना: चित्र जेमतेम दिसेल इथपर्यंत उजेड वाढवत न्या. मला तर पहिल्या पायरीलाच काही दिसेना. मी रिमोट कय्यूमभाईंकडे दिला. पांढऱ्यातलं पांढरं ओळखण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याशिवाय हे काम कोणाला द्यायचं?

"दिसते," कय्यूमभाई म्हणाले आणि एक पायरी वाढवली. "अजून दिसते."

"नीट पाहा."

"भाऊ, बुलढान्याचा आन् जळगावचा कापूस एका ढिगात टाका, मी अलग करून देतो. हा सूर्य काय चीज हाय? थोडा पिवळसर हाय. दिसते."

पायऱ्या संपल्या. सूर्य त्यांना शेवटपर्यंत दिसत होता. मग मैदान उघडलं आणि आमचा हॉल असा उजळला की भिंतीवरची पाल कॅलेंडरमागे गेली. सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून तांदळाचं सूप घेऊन आल्या, पडद्याकडे पाठ करून बसल्या आणि निवडू लागल्या.

"काई म्हना," त्या म्हणाल्या, "खडा लगेच दिसते."

खेळ सुरू झाला. पांढरा बॉल, मागे पांढराफटक पडदा. मला बॉल दिसतच नव्हता. टप्प्याचा आवाज आला की दचकून मी बटण दाबायचो. पहिल्या बॉलला दचकलो, सिक्सर. दुसऱ्याला दचकलो, चौकार. मी तासभर दचकत राहिलो आणि दोनशे बारा धावा झाल्या.

मग कय्यूमभाई खेळायला आले. त्यांना बॉल दिसत होता, त्यावरची शिवणसुद्धा दिसत होती. पण त्यांची बॅट बॉल यायच्या आधीच फिरून खांद्यावर जाऊन बसायची. बॉल मागून निवांत यायचा आणि दांडी काढून जायचा. अठरा धावांत दहाही गडी बाद.

अकरा वर्षांत मी या क्षणाची जी भाषणं तयार केली होती, त्यातलं एकही मला आठवलं नाही.

"नवं हाय," कय्यूमभाई म्हणाले. "हात बसंल उद्या."

उद्या बावीस धावा झाल्या. परवा नऊ. चौथ्या दिवशी अडीच वाजले, तीन वाजले, चहा थंड झाला. शिडी नव्हती, काही नव्हतं, निमित्त करून त्यांच्या घरी जावं तर काय म्हणून जावं? मी पुष्पांजलीला फोन केला.

"अहो, साधं आहे बाबा. जुन्या टीव्हीवर बॉल पाव सेकंद उशिरा दिसायचा. कय्यूमकाकांनी ते ओळखलं होतं, ते तेवढं आधीच बटण दाबायचे. तुम्ही बॉल दिसल्यावर दाबायचात, म्हणून हरायचात. आता उशीर गेला. तुम्ही काही सुधारला नाहीत, टीव्ही तुमच्यापर्यंत येऊन पोचला."

मुलीला शिकवावं ते यासाठी.

आठवडा गेला. मग एका सकाळी नूरजहांभाभी आल्या. कय्यूमभाईंच्या पत्नी. हातात उशीचा रिकामा अभ्रा होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"भाईजान, तुमच्या टीव्हीनं माह्या घरातल्या तीन उशा आन् एक गादी फोडली."

"टीव्हीनं?"

"त्याईले दुपारी काम नाई. उशी उसवली, म्हने यातला कापूस कोन्त्या सालचा हाय ते सांगतो. सांगितलं बी. म्हने एक्क्यान्नव. आता मी एक्क्यान्नव साल डोक्याखाली घेऊ का? काल गादी फोडली. घरभर कापूस. म्हने हा अकोटकडचा, हा आपला, हा भेसळीचा. रात्री झोपाले गेलो तं गादी चार ढिगांत होती."

सत्यभामाबाईंनी त्यांना पाणी दिलं. नूरजहांभाभी ते न पिताच म्हणाल्या, "मशीन आली तवा बी असेच बसले होते. खिडकीपाशी. तवा तुमचा डबा होता म्हनून उठले. आता काऊन उठतीन? भाईजान, तुमी हरा."

"भाभी, मी अकरा वर्षं तेच करत होतो."

"तेवढंच तं येत होतं तुमाले," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तेबी इसरले."

मी स्वतः जाऊन कय्यूमभाईंना घेऊन आलो. खरं सांगायचं तर भाभींनी त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं आणि मी फक्त रस्ता दाखवला. मग मी मनापासून हरायला बसलो. वाचकहो, ठरवून हरणं किती अवघड असतं म्हणून सांगू! बटण उशिरा दाबलं तर बॉल सीमेपार. लवकर दाबलं तर कड लागून सीमेपार. रिमोट उलटा धरला, तर यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून सीमेपार. शेवटी मी बटणच दाबलं नाही. सहा वेळा दांडी उडाली, मी "अरेरे" म्हणालो, आणि कय्यूमभाईंनी रिमोट खाली ठेवला.

"भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "लोक कापसावर पानी मारून आनाचे. वजन वाढाले. वरून पांढराशुभ्र, कोनाले कळू नये. पन बोटाले कळते. तुमचं हे हारनं ओलं हाय."

माझं काय चालणार? चाळीस वर्षं भल्याभल्या व्यापाऱ्यांचं त्यांच्यापुढे चाललं नाही.

"जिंकून घ्या खुशाल," चप्पल घालताना ते म्हणाले. "मले दान देऊ नका."

त्या संध्याकाळी मी निश्चय केला. जे उशीर करणारं आहे ते परत आणायचं. पुष्पांजलीने फोनवरून सांगितलं तसा मी टीव्हीच्या सेटिंगच्या पोटात शिरलो. गेमसाठी जे वेगवान होतं ते बंद केलं, चित्र गुळगुळीत करणारं जे होतं ते चालू केलं.

"लोक हे घालवायला धडपडतात, बाबा," ती म्हणाली.

"लोकांना कय्यूमभाई नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी "एक शेवटचं पाहा" म्हणून त्यांना पुन्हा बोलावलं. उशीर परत आला होता, पण धड नव्हता. कधी पाव सेकंद, कधी अर्धा, कधी मुळीच नाही. कय्यूमभाईंनी दोन षटकं अंदाज घेतला आणि तोंड कडू झाल्यासारखे थांबले. शिवाय खेळाडू आता इतके गुळगुळीत हलत होते की मैदानावर सामना आहे असं वाटेना.

"हे खेळून राह्यले का लग्नाच्या व्हिडिओत आहेर घेऊन राह्यले?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

मी घाईघाईने आणखी एक बटण दाबलं. मग आणखी एक. मग टीव्हीने काहीतरी विचारलं आणि मी "हो" म्हणालो. पुढच्या क्षणी पडद्यावरची सगळी अक्षरं बदलली. काड्या, गोळे आणि चौकोनी घरं. बहुधा कोरियन. फोन लावला तर पुष्पांजली मीटिंगमध्ये होती. आम्ही तिघं त्या घरांकडे बघत बसलो. कय्यूमभाई उठणार हे मला दिसलं, आणि उठले की परत येणार नाहीत हेही दिसलं.

"शेषरावकडून जुना आणू," मी म्हणालो.

ते उठता उठता थांबले. "तो हाय अजून?"

"वावरात आहे. चालू आहे."

कय्यूमभाईंनी रुमालाने चष्मा पुसला. "माह्यी लुना काढू का?"

सत्तर अधिक अडुसष्ट, म्हणजे एकशे अडतीस वर्षं एका लुनावर बसून शेगावच्या रस्त्याने निघाली. मांडीवर टीव्ही बांधायला नाड्याचा दोर. कय्यूमभाई वाटेत बोलत होते. नऊ किलोमीटर, एकदाही न थांबता. ऑफसाइडला कसं खेळायचं, तुमची चूक कुठे होते भाऊ, पहिल्या पाच षटकांत घाई करू नये. मी मागे बसून "हो, हो" म्हणत होतो. आठवडाभरात मी इतका सुखी नव्हतो. उद्यापासून मी पुन्हा रोज हरणार होतो!

वावरात पोचलो. शेषरावची खोली म्हणजे चार टिनं. त्या टिनांच्या पडवीत, बाहेरच्या अंगाला, आमचा टीव्ही दोरीने लटकवलेला होता. तोंड कपाशीकडे. त्याच्या खाली एक घमेलं, घमेल्यात साबणाचं पाणी. टीव्हीच्या गळ्यात झेंडूचा वाळलेला हार होता.

"हे काय?" मी विचारलं.

शेषराव खूश झाला. "प्रकाशसापळा, भाऊ. अंधार पडला का नुसता निळा पडदा चालू करून ठेवतो. बोंडअळीचे पतंग येतात, पडद्याले धडकतात, खाली पान्यात. पह्यले दोन दिवस चार-पाच आले. आता रोज मुठीनं काढतो. बाजूचे वावरवाले पाहाले येतात. हार त्याईनंच घातला."

कय्यूमभाई घमेल्यात वाकून पाहत होते. पाण्यावर करड्या रंगाचा थर तरंगत होता.

"बरं झालं आले," शेषराव म्हणाला. "चहा मांडतो."

मग त्याने माझ्या हातातला दोर पाहिला. माझ्याकडे पाहिलं. लुनाकडे पाहिलं. तो हळू माणूस आहे, पण एवढं त्याला पाव सेकंदात कळलं.

"न्याचा हाय का?"

मी दोर पाठीमागे नेला.

"न्या," तो म्हणाला. "तुमचाच हाय." आणि तो स्वतःच टीव्हीची गाठ सोडायला लागला. गाठ पक्की होती. त्याची नखं त्यात फिरत होती, आणि मी, ज्याने शेंगांच्या बदल्यात दिलदारी केली होती, नुसता उभा होतो.

कय्यूमभाई तेवढ्यात कपाशीच्या पहिल्या तासात, म्हणजे ओळीत, शिरले होते. त्यांनी एक उमललेलं बोंड तोडलं. चिमूट काढली, दोन अंगठ्यांमध्ये ओढली, उन्हात धरली. पुन्हा ओढली. दुसरं बोंड तोडलं. तिसरं. शेषरावची बोटं गाठीवर थांबली.

"धागा एकोनतीस मिलिमीटर," कय्यूमभाई म्हणाले. "तिसाले थोडा कमी. कवडी नाई. एखादी असंल."

"मांगच्या साली याच तासात अर्धी कवडी होती, चाचा," शेषराव म्हणाला. "मशीनवाल्यानं हातच लावला नाई. तुमी म्हनता तं खरं हाय ना?"

"मी ओल्याले कोरडं कवा म्हटलं होतं?"

शेषरावने मान खाली घातली आणि पुन्हा गाठीकडे वळला.

"बांध बे ती दोरी," कय्यूमभाई म्हणाले. "पक्की बांध. वाऱ्यानं हालते."

आम्ही चहा प्यायलो आणि निघालो. माझ्या मांडीवर नुसता दोर होता. येताना कय्यूमभाई एक शब्द बोलले नाहीत. कापूस बाजाराच्या वळणावर फक्त म्हणाले, "पडदा बी कामाले लागला, भाऊ. आपुनच राह्यलो."

हल्ली ते येतात. अडीचलाच येतात, भाभी पाठवतात. टीव्ही अजून कोरियन आहे, मी अजून जिंकतो आहे, आणि आमच्या हॉलमध्ये आता अळीच्या गोष्टी निघतात. कालचा सामना मी दोनशे चाळीस धावांनी जिंकलो. खेळ संपल्यावर कय्यूमभाईंनी आमच्या सोफ्याच्या उशीला सहज बोटांनी चाचपून पाहिलं. सत्यभामाबाईंनी ती उचलून आत नेली.

तेव्हा माणूस, यंत्र वगैरे राहू द्या. एक छोटी विनंती आहे. कोणाच्या माळ्यावर जुना, बिनकामाचा टीव्ही पडला असेल तर खामगावला कळवा. रंग उडाले असले तरी चालतील, आवाज नसला तरी चालेल. चित्र मात्र पाव सेकंद उशिरा आलं पाहिजे. आणि येताना जमलं तर एक उशीही आणा, नूरजहांभाभींकडच्या संपल्या.